थाळीपासून संगणकापर्यंत

नाशिकहून पश्चिमेस गुजरातच्या सीमेकडे जाणारा रस्ता सह्याद्रीचे चढउतार ओलांडीत पेठेस पोहोंचतो. पूर्वीं येथें एक लहानसें संस्थान होतें. आज हें नाशिक जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठिकाण आहे. भात आणि नागली पिकविणारे कोकणा, महादेव कोळी व वारली हे या डोंगराळ मुलखाचे रहिवासी. कोकणा लोकांत कथा गाऊन सांगण्याची एक जुनी रीत आहे. कांशाच्या थाळीच्या मध्यभागीं मेणानें एक काडी उभी चिकटवितात आणि तिजवरून दोन्ही हातांचीं बोटें आळीपाळीनें ओढतात. थाळी घुमूं लागते, आणि त्या अखंड घुमाऱ्यावर कथेकरी देवादिकांच्या व धान्यमातेच्या कथा गातो. यास थाळगान म्हणतात. काडीवरून बोट ओढल्याचा मूळ आवाज अगदींच क्षुल्लक असतो. त्याला जी गंभीरता येते ती थाळीमुळें येते.

मूळ ध्वनीवर कांहीं क्रिया करून त्यास घुमारा, गोडवा, भारदस्तपणा किंवा दूरत्व आणणें, यास ध्वनिसंस्कार म्हणतां येईल. आज हा संस्कार हातांतल्या मोबाइल फोनवर करतां येतो, आणि फोनवर केलेला संस्कार मेजावरील मोठ्या संगणकावर जसाच्या तसा नेण्याची खटपट गेलीं कित्येक वर्षें चालू आहे. ही खटपट वरकरणीं केवळ यंत्रज्ञांची वाटते. परंतु तिचा इतिहास पाहिला असतां पेठेसारख्या गांवाचाहि तिच्याशीं निकट संबंध आहे, असें दिसून येईल.

आरंभीं माणसानें हा संस्कार वस्तूच्या व जागेच्या आधारें साधला. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर घोडीचा पृष्ठभाग किंचित् बांकदार घासतात, आणि तार व घोडी यांमध्यें बारीक धागा सरकवून जवारी लावतात. तार मग घोडीस हलकेच स्पर्श करीत कंप पावते व एका सुरांतून अनेक उपसूर फुलतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधांत या घोडीच्या गुणाची शास्त्रीय चर्चा केली होती. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. जागेनें होणाऱ्या संस्काराचें उदाहरण म्हणजे विजापूरचा गोल घुमट. तेथें एक टाळी वाजविली तर ती अनेक वेळां परत ऐकूं येते. परंतु जवारी हवी तर तंबोरा जवळ पाहिजे, आणि घुमटाचा प्रतिध्वनि हवा तर विजापूर गांठलें पाहिजे. संस्कार आणि त्याचें पात्र यांची फारकत त्या काळीं झालेली नव्हती.

ती फारकत ध्वनिमुद्रणाच्या धंद्यानें घडवून आणली. शिकागो येथील बिल पुटनम यांनीं १९४७ सालीं मुद्रणगृहांतील वादन ध्वनिवर्धकाच्या द्वारें एका स्नानगृहांत सोडलें, तेथील घुमारा ध्वनिग्राहकानें टिपला आणि तो मूळ वादनांत मिसळला. पुढें १९५७ सालीं जर्मनींतील ईएमटी कंपनीनें आपलें १४० क्रमांकाचें यंत्र बाहेर काढलें. त्यांत सुमारें २ मीटर लांब व १ मीटर रुंद असा पोलादाचा अतिशय पातळ पत्रा चौकटींत ताणून टांगलेला असे. एका ठिकाणीं त्यास विजेच्या योगें कंप द्यावयाचा व दुसऱ्या ठिकाणीं तो टिपून घ्यावयाचा. थाळगानाची थाळी आणि हा पत्रा यांचें तत्त्व एकच आहे. धातूचा पातळ पत्रा कंप धरून ठेवतो व हळूहळू सोडतो. थाळी मात्र एका हातानें उचलतां येते, आणि जर्मन यंत्राचें वजन सुमारें २७० किलो होतें.

याच्या पुढची पायरी गणिताची होती. घुमारा म्हणजे तरी काय? एकाच ध्वनीच्या, क्रमाक्रमानें क्षीण होत जाणाऱ्या, एकामागून एक कानीं येणाऱ्या असंख्य आवृत्त्या. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत काम करणारे मॅनफ्रेड श्रोडर यांनीं १९६१ च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, ध्वनि आंकड्यांत मांडला तर या आवृत्त्या संगणकाकडून हिशेबानें तयार करवितां येतात. त्यासाठीं खोलीची गरज नाहीं व पत्र्याचीहि नाहीं. १९७६ सालीं त्याच ईएमटी कंपनीनें आंकड्यांवर चालणारें २५० क्रमांकाचें घुमारायंत्र विक्रीस आणलें. पुढें घरगुती संगणकांची शक्ति वाढली, तेव्हां यंत्राची पेटीहि अनावश्यक ठरली. १९९६ सालीं हँबुर्ग येथील स्टाइनबर्ग कंपनीनें आपल्या क्यूबेस या मुद्रणाच्या प्रोग्रॅममध्यें व्हीएसटी नांवाची पद्धति आणली, आणि तेव्हांपासून प्लगिन हा शब्द संगीतकारांच्या तोंडीं रुळला.

प्लगिन म्हणजे स्वतंत्रपणें न चालणारा, मोठ्या प्रोग्रॅमच्या आश्रयानें काम करणारा लहान प्रोग्रॅम. पंक्तीचा दृष्टांत घेतला तर मोठा प्रोग्रॅम हा यजमान आणि प्लगिन हा पाहुणा होय. पण हा पाहुणा जेवून उठणारा नव्हे, तर कामास हात लावणारा आहे. यजमान त्याच्यापुढें ध्वनीच्या आंकड्यांचें एकेक ताट ठेवतो. पाहुणा त्या आंकड्यांवर संस्कार करून तें ताट परत देतो, आणि हें सर्व इतक्या त्वरेनें चालतें कीं ऐकणाऱ्यास खंड जाणवत नाहीं. यजमान व पाहुणा यांनीं एकमेकांशीं कसें वागावें, याचे ठराविक नियम असतात. व्हीएसटी हा अशा नियमांचा एक संच. ॲपल कंपनीनें आपल्या संगणकांसाठीं ऑडिओ युनिट नांवाचा दुसरा संच केला.

२००७ सालीं आयफोन आला आणि पुढच्याच वर्षीं त्याचें ॲप-भांडार उघडलें. फोनवर मात्र सुरक्षिततेसाठीं प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलींत राही; एकाचा ध्वनि दुसऱ्याकडे नेण्यास वाट नव्हती. डिसेंबर २०१२ मध्यें ऑडिओबस या ॲपनें ती वाट काढली. २०१३ सालीं ॲपलनें आंतर-ॲप ध्वनीची स्वतःची सोय केली, आणि २०१५ सालीं ऑडिओ युनिटच्या नियमांची तिसरी आवृत्ति फोन व आयपॅड यांवर आणली. तेव्हांपासून मोबाइलवरहि खरे प्लगिन चालूं लागले. ते थोडक्या किंमतींत मिळत, त्यांतले कित्येक एकट्यादुकट्या कारागिरानें केलेले असत, आणि बोटानें पडद्यास स्पर्श करून ते वाजविण्यांत एक निराळीच गोडी होती. साहजिकच त्यांचा उपयोग करणारांस वाटूं लागलें कीं, हेच प्लगिन मेजावरील संगणकावर मिळाले तर किती बरें होईल!

ही इच्छा सोपी दिसली तरी तिच्या वाटेंत तीन अडचणी होत्या. पहिली अडचण यंत्राच्या भाषेची. फोनांत एका जातीचे प्रक्रियक असत व मेजावरील संगणकांत दुसऱ्या जातीचे. वेगासाठीं एकाच्या खास आज्ञा वापरून लिहिलेला भाग दुसऱ्याला समजत नसे. दुसरी अडचण हाताची. पडद्यावर दोन बोटें एकाच वेळीं दोन दांडे सरकवूं शकतात, पण माउसचा बाण एकच असतो. म्हणून फोनसाठीं आखलेला पडदा मेजावर आणतांना सर्व रचना नव्यानें विचारांत घ्यावी लागे.

तिसरी अडचण कालगणनेची, आणि ती उदाहरणानें चांगली समजेल. ध्वनीचीं सेकंदास ४४,१०० मापें घेणाऱ्या यंत्रावर पाव सेकंदानें प्रतिध्वनि हवा असल्यास ११,०२५ मापें थांबावें लागतें. कारागिरानें पाव सेकंद असें न लिहितां ११,०२५ हाच आंकडा प्रोग्रॅममध्यें लिहून ठेवला, आणि दुसऱ्या यंत्रावर सेकंदास ४८,००० मापें घेण्याची रीत असली, तर तितकींच मापें पाव सेकंदाच्या आधींच संपतात. प्रतिध्वनि सुमारें ०.२३ सेकंदालाच येतो. लयींत बांधलेल्या गाण्यांत एवढा फरकहि कानाला खटकतो. संस्काराची कृति ही यंत्राच्या मापांत न लिहितां काळाच्या मापांत लिहिली पाहिजे, हा यांतला बोध होय. वैद्याची चिठ्ठी लिहितांना घरांतल्या विशिष्ट वाटीचें माप देऊन चालत नाहीं, तसेंच हें आहे.

या अडचणींतून दोन मार्गांनीं वाट निघाली. एक मार्ग कारागिरांचा. संस्काराचा गाभा एकदांच लिहावा आणि बाहेरचें कवच मात्र प्रत्येक यंत्रासाठीं निराळें चढवावें, अशी साधनें निर्माण झालीं. २००४ सालीं जूल्स स्टोरर यांनीं प्रसिद्ध केलेली ज्यूस ही साधनसामग्री या कामीं पुढें सर्वत्र वापरली जाऊं लागली. त्याच्याहि आधीं, २००२ सालीं, फ्रान्समधील लिआँ येथील ग्रामे या संगीतसंस्थेंत फाउस्ट नांवाची एक भाषा निर्माण झाली. तींत संस्काराची कृति एकदां लिहिली कीं तिच्यापासून संगणकाचा प्लगिन होतो आणि फोनवरील ॲपहि होतें. दुसरा मार्ग यंत्रें बनविणाऱ्यांचा. २०१९ सालीं ॲपलनें आयपॅडचीं ॲप मॅक संगणकासाठीं थोडक्या श्रमांत पुन्हां बांधण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२० मध्यें त्या कंपनीनें मॅकमध्यें फोनच्याच घराण्यांतला प्रक्रियक बसविला. मग कर्त्याची हरकत नसल्यास आयफोनचें वा आयपॅडचें ॲप त्या मॅकवर जसेंच्या तसें चालूं लागलें, आणि त्याच्या पोटांतला प्लगिन संगणकावरील यजमानास दिसूं लागला. २०२३ सालीं लॉजिक प्रो हा मुद्रणाचा मोठा प्रोग्रॅम आयपॅडवर आला आणि अर्धवट झालेलें काम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणें सुलभ झालें.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. ही सोय मुख्यतः एका कंपनीच्या यंत्रांपुरती झाली. भारतांत बहुसंख्य लोकांच्या हातीं अँड्रॉइडचे फोन आहेत, आणि त्यांवर प्लगिनची अशी एखादी सर्वमान्य पद्धति अद्याप रुजलेली नाहीं. प्रत्येक ॲपचा संस्कार बहुधा त्या ॲपमध्येंच राहतो. म्हणून फाउस्टसारखीं, कोणा एका कंपनीच्या यंत्राशीं न बांधलेलीं व सर्वांस मोकळीं असलेलीं साधनें गरिबाच्या दृष्टीनें अधिक मोलाचीं ठरतात.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर या इतिहासांतील दोन तारखा देतात. २०१७ सालीं आयफोनच्या कार्यप्रणालीच्या अकराव्या आवृत्तीनें जुन्या बत्तीस-बिट घडणीचीं सर्व ॲप चालविणें बंद केलें. ज्यांच्या कर्त्यांनीं तीं नव्यानें बांधलीं नाहींत, तीं नव्या यंत्रांस कायमचीं पारखीं झालीं. २०१९ सालीं, २०१३ मधली आंतर-ॲप ध्वनीची सोय कालबाह्य म्हणून जाहीर झाली. तिच्या आयुष्याचीं उणींपुरीं सहा वर्षें भरलीं होतीं. कांशाची थाळी चांगली राखली तर आजोबांकडून नातवाकडे येते. संस्काराचें हें नवें पात्र एका इयत्तेंतला मुलगा मॅट्रिक होईपर्यंतहि टिकेल, असा भरंवसा नाहीं.

आतां पुन्हां पेठेकडे वळावें. अशा तालुक्यांतील तरुणाच्या हातीं पहिलें मुद्रणयंत्र येतें तें फोनच्या रूपानें. रात्रीं एखाद्या पाड्यावर थाळगान चाललें असतां, किंवा डोंगऱ्यादेवाच्या उत्सवांत पावरी वाजत असतां, तो खिशांतला फोन काढून तें टिपून घेईल. मागून त्याला वाटेल कीं आवाज अंमळ कोरडा आला आहे. मग तो फोनमधला घुमारा त्यावर चढवील. येथेंच त्यानें सावध राहिलें पाहिजे. चढविलेला घुमारा मूळ ध्वनींत एकदां मुरला कीं कालविलेल्या भातांतून मीठ वेचून काढण्यासारखी स्थिति होते. पांच वर्षांनीं तें ॲप नाहींसें झालें, तरी त्याचा बरावाईट छाप त्या कथेकऱ्याच्या आवाजावर कायम राहील, आणि खुद्द थाळीचा घुमारा कोणता व फोनचा कोणता हें पुढच्या पिढीस ओळखतां येणार नाहीं.

यावर उपाय साधा आहे आणि त्यास मोठें द्रव्य लागत नाहीं. टिपलेला मूळ ध्वनि कोराच ठेवावा, त्याची एक प्रत फोनबाहेर संगणकावर किंवा अन्य साधनांत काढावी, आणि संस्कार करणें तो प्रतीवर करावा. कोणता संस्कार, किती काळाचा, किती प्रमाणांत दिला, हें वहींत साध्या शब्दांत नोंदवून ठेवावें. मूळ ध्वनि व ही कृति जवळ असली, म्हणजे पुढें कोणतेंहि यंत्र आलें तरी कोणी जाणकार तोच संस्कार पुन्हां घडवूं शकेल. मोबाइलचा प्लगिन मेजावर आणणारे कारागीर तरी दुसरें काय करतात? पात्र बाजूस ठेवून ते कृति तेवढी पुढें नेतात.

मिरजेच्या कारागिराची जवारी त्याच्या हाताबरोबर मुलाच्या हातांत उतरत आली. थाळगानाची रीत गुरूच्या बोटांकडून शिष्याच्या बोटांत आली. आंकड्यांच्या युगांत ही परंपरा चालविण्याचें काम कांहीं अंशीं नियमांकडे व प्रोग्रॅमांकडे आलें असलें, तरी थाळीसमोर बसून कथा गाणारा माणूस कोणत्याहि प्लगिनांत मावत नाहीं. त्याचा आवाज प्रथम टिपला जाणें आणि तो जसा होता तसा राखला जाणें, हें काम पेठेच्या पाड्यांवरच झालें पाहिजे.