लोणी ते माना: डांबराखालची माती

अमरावती-अकोला महामार्ग म्हटलं की सगळ्यांना जून २०२२ आठवतो. लोणी ते माना, ७५ किलोमीटर डांबरीकरण, १०५ तास ३३ मिनिटांत. ७२० कामगार, गिनेसमध्ये नोंद. (७५ ही एका लेनची मोजणी बरं का, दोन लेनचा रस्ता धरला तर साडेसदतीस.) मला मात्र त्याआधीची वर्षं आठवतात: खड्डे, अर्धवट काम, आणि मूर्तिजापूरहून पेशंट अकोल्याला न्यायचा तर आधी देवाचं नाव.

वऱ्हाडात वाटांची काळजी आधी कापसासाठी झाली. तो बैलांच्या पाठीवर पार मिर्झापूरला जायचा. पावसाळ्यात चिखल झाला की सगळं ठप्प. १८६७ला रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईकडे वळला. फाट्यावर उभ्या माणसाचा हिशेब त्यात नव्हताच.

ती काळी माती आजही रस्त्याखाली आहे. पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे रस्ता टिकतो तो खालच्या मुरूम-खडीवर आणि पाण्याच्या निचऱ्यावर. विक्रमात मोजला गेला फक्त वरचा थर.

तरी फायदा खराच. अकोल्याचा दवाखाना, अमरावतीचं विद्यापीठ, दोन्ही जवळ आलेत. सध्या मी फाट्याफाट्यावर एवढंच विचारत असतो: एसटी थांबते का?