हरण्या

दुबईच्या सुपरमार्केटात केळ्यांवरची चिकटपट्टी बघितली तर बहुतेक वेळा फिलिपिन्सचं नाव दिसतं. त्यामुळे जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी जीआय मानांकनासह इकडे निघाली, तेव्हा आम्हा मराठी मंडळींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण आदल्याच वर्षी, २०२० च्या पावसाळ्यात, त्याच रावेर-यावल पट्ट्यात शेतकरी आपल्या हातांनी लावलेली केळी उपटत होते. कारण कुकुंबर मोझॅक व्हायरस, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘हरण्या’. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे येतात, मग पोंगा सडतो. पसरवतो तो मावा. औषध नाही! झाड मुळासकट काढून पुरायचं किंवा जाळायचं, बस्स.

औषध नसलेल्या रोगाशी लढण्याची एक जुनी हकिगत आहे. केळीचा दुसरा विषाणूजन्य रोग म्हणजे पर्णगुच्छ. पानं आखूड, ताठ होतात आणि शेंड्याला झुपका होतो. १८८९ मध्ये त्याची फिजीत नोंद झाली, आणि १९१३ च्या सुमारास रोगट कंदांबरोबर तो ऑस्ट्रेलियात उतरला. दहा-बारा वर्षांत क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सच्या सीमेवरच्या बागा ओस पडल्या. जमीन खराब, बुरशी, काय काय तर्क झाले. चार्ल्स मॅगी या तरुण शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात सिद्ध केलं की रोगाच्या वाटा दोनच: मावा आणि कंद. (बिघाड नेमका कुठे आहे ते आधी शोधा, दुरुस्ती नंतर. आमच्या धंद्यातही हेच.)

मला खरं कौतुक वाटतं ते पुढच्या भागाचं. तिथे कायदाच झाला. रोगट झाड नष्ट करणं सक्तीचं, कंद हलवण्यावर बंधनं, मळ्यांची तपासणी. एकाने उपटायचं आणि शेजाऱ्याने ठेवायचं, हे बंद. पुढच्या दशकात बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

मग खानदेशात हेच का करू नये? करावंच, पण तेवढ्याने भागत नाही. पर्णगुच्छाचा विषाणू मुख्यतः केळीच्या कुळातच राहतो. हरण्याचा विषाणू मात्र काकडी, टोमॅटो, मिरची आणि बांधावरच्या कित्येक तणांतही मुक्काम ठोकतो. सगळ्या गावाने रोगट केळी उपटली, तरी बांधावरच्या गवतातून मावा त्याला पुन्हा बागेत घेऊन येतो.