गिरणेचा पूर आणि उद्याचे हवामान

१८७२ सालच्या सप्टेंबरात गिरणा व पांझरा या नद्यांना जो महापूर आला, त्याने खानदेशातील कित्येक गावांची दाणादाण उडविली. गिरणाकाठच्या भडगावचीही त्यात मोठी हानी झाली. ही नदी उगम पावते ती दूर पश्चिमेस, सह्याद्रीत. मालेगावावरून ती खानदेशात उतरते. भडगावावर आभाळ निरभ्र असले तरी वर कळवणाकडे काय कोसळत आहे, याची वार्ता पाण्याच्या आधी पोहोचेल असा भरवसा नसे.

हवामानाची दखल तेव्हा कोणी घेतच नव्हते असे मात्र नाही. १८६४ साली कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्यांची व्यवस्था झाली. जहाजांची काळजी अशी आधी वाहिली गेली! अखिल हिंदुस्थानचे हवामानखाते १८७५ साली निघाले व हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. दुष्काळाने पोळलेल्या सरकारास संबंध पावसाळ्याचे भाकीत हवे होते. हिमालयातील बर्फाच्या मानावरून ब्लॅनफर्ड यांनी ते १८८२ पासून प्रयोगादाखल व १८८६ पासून रीतसर दिले.

परंतु हंगामाचे भाकीत निराळे आणि उद्या-परवाचा अंदाज निराळा. यंदा पाऊस बरा, एवढ्यावरून महसुलाचा आडाखा खुशाल बांधावा. खळ्यावरची बाजरी झाकावी की उफणावी, फुटलेला कापूस आज वेचावा की उद्या, हे त्यावरून ठरत नाही. नक्षत्रे कुणब्यास तोंडपाठ असतात. पण मृग काय, हस्त काय, ते पंधरवड्याचे माप झाले.

खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली पुण्यास आले. तेथेच १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखाली कृषिहवामानाची शाखा सुरू झाली. ज्ञान वाढत होते. अडत होते ते गावापर्यंत पोहोचण्यापाशी. तारेने कचेरीत आलेली बातमी शिवारात जाईतो शिळी होई. अखेर १९४५ साली शेतकऱ्यांसाठी म्हणून हवामानाचे वृत्त नभोवाणीवरून प्रादेशिक भाषांत निघू लागले. अर्थात त्या काळी गावात यंत्र असलेच तर एखादे, आणि त्याभोवती सारी आळी जमायची.

गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले, तेव्हापासून वरच्या पाण्याचे माप धरणावर कळू लागले. २००८ पासून जिल्हावार पाच दिवसांचा अंदाज, पिकांच्या सल्ल्यासह, आठवड्यातून दोनदा प्रसिद्ध होऊ लागला. भडगावच्या शिवारात तो आता हातातल्या फोनवर वाचला जातो.