वरचे पान आणि खालची पाने

पुसून टाकणे ही क्रिया वरवर पाहता फार सोपी आहे. फळ्यावरचे गणित डस्टरने पुसावे, तसे संगणकावरचे पान एका बोटाने पुसता येते. पण फळ्यावरच्या गणिताखाली दुसरे गणित टांगलेले नसते. संकेतस्थळावरच्या पानाचे तसे नाही. एका पानाच्या पोटात दहा पाने असतात आणि त्या दहांच्या पोटात आणखी पन्नास. वरचे पान काढले तर खालच्यांचे काय व्हायचे, हा प्रश्न ऐकायला कारकुनी वाटतो. परंतु गेली साठ वर्षे मोठमोठ्या डोक्यांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि त्या उत्तरांचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

हा प्रश्न संकेतस्थळांच्या पुष्कळ आधीचा. चंद्रावर माणूस धाडण्याची अमेरिकेची अपोलो योजना चालू असताना यानाच्या असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवणे भाग होते. त्यासाठी आयबीएम कंपनीने १९६६ पासून एक माहितीव्यवस्था रचली. ती पुढे आयएमएस ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिची रचना उलट्या झाडासारखी होती. मूळ वर, फांद्या खाली, आणि प्रत्येक नोंद आपल्या वरच्या नोंदीच्या आश्रयाने राहणारी. तिथला नियम कडक होता: वरची नोंद काढली की तिच्या आश्रयाची सारी प्रजा तिच्याबरोबर जाते. इंजिनच रद्द झाले तर त्याचे स्क्रू कशाला ठेवायचे, असा हा विचार. स्क्रूच्या बाबतीत तो बरोबरही आहे. पण समजा, स्क्रू पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा पत्ता त्या स्क्रूच्या खालीच लिहिलेला असेल तर? स्क्रूबरोबर व्यापारीही नाहीसा होतो, आणि त्याचा तर काहीच अपराध नसतो.

ह्याच आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या एडगर कॉड ह्या गणितज्ञाने १९७० साली झाडाची ही कल्पनाच सोडून द्यावी असे सुचवले. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि कोण कोणाचा हे जागेवरून न ठरता नोंदीतल्या मजकुरावरून ठरावे, असे त्याचे म्हणणे होते. एक गोष्ट काढताना दुसरी निरपराध गोष्ट नाहीशी होते ह्या दोषाची चिकित्सा त्याने पुढच्या लेखनात केली. त्याच्या विचारातून जी भाषा जन्मली तिच्या १९९२ च्या प्रमाण नियमावलीत हा प्रश्न रचनाकारावरच सोपवलेला आढळतो. वरची नोंद काढताना खालच्याही काढाव्यात, की त्यांचा ‘वरचा’ रकाना कोरा ठेवावा, की काढायलाच नकार द्यावा, हे ज्याने त्याने आधी सांगून ठेवायचे.

नकार देण्याची रीत त्याआधीच दुसरीकडे रूढ झाली होती. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स नावाची प्रणाली घडवली. तिची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. कप्पा काढून टाकण्याची तिथली आज्ञा कप्पा रिकामा असेल तरच चालते. आत एक चिटोरे जरी शिल्लक असले तरी यंत्र अडून बसते: आधी आतले आवरा, मग मला सांगा. सगळे एकदम उडवणारी दुसरी आज्ञाही पुढे आली, आणि तिने किती जणांची झोप उडवली असेल कोण जाणे! त्याच प्रणालीत आणखी एक शहाणपण होते. तिथे फाइलचे नाव वेगळे आणि फाइल वेगळी. एकाच फाइलला दोन नावे असू शकतात. एक नाव पुसले तरी मजकूर सुरक्षित राहतो. शेवटचे नाव गेले की मगच मजकुराची जागा मोकळी होते.

तिसरे उत्तर मला आपल्या घरगुती रीतीच्या अधिक जवळचे वाटते. २००३ साली निघालेल्या वर्डप्रेस ह्या साधनावर आज जगातली अगणित संकेतस्थळे चालतात. तिथे पानाखाली पान ठेवता येते. मधले पान कायमचे काढले, तर त्याची लेकरे आजोबांच्या पदरी जातात. आजोबा नसले तर ती स्वतंत्र होतात. मजकुराचा एक शब्दही हरवत नाही. पण इथे एक मेख आहे. पानाच्या पत्त्यात बापाचे नाव गुंफलेले असते. बाप गेला की पत्ता बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर येणारा पाहुणा दारातच ठेचकाळतो. म्हणजे मजकूर वाचवणे आणि मजकुराची वाट वाचवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही वाट इतकी नाजूक का, ह्याचे उत्तर १९८९ सालात सापडते. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या सर्न ह्या संस्थेत टिम बर्नर्स-ली ह्याने आज आपण ज्याला वेब म्हणतो त्याचा आराखडा मांडला. टेड नेल्सनसारखे विचारवंत त्याआधीपासून दुहेरी दुव्यांचे स्वप्न पाहत होते. कोण आपल्याकडे बोट दाखवतो आहे हे दोन्ही टोकांना कळावे, असे ते स्वप्न. बर्नर्स-लीने दुवा एकेरी ठेवला. त्यामुळे कोणाचीही परवानगी न घेता कोणीही कोणाच्याही पानाकडे बोट दाखवू शकला, आणि वेब वणव्यासारखे पसरले. त्याची किंमत अशी, की पान काढणाऱ्याला कोणाकोणाच्या वाटा तुटल्या हे कधीच समजत नाही. ‘चारशे चार’ हा आकडा म्हणजे त्या तुटलेल्या वाटेवरचा मैलाचा दगड.

बर्नर्स-लीने स्वतःच १९९८ साली ह्यावर एक टिपण लिहिले. पत्ता रचतानाच पुढच्या कित्येक वर्षांचा विचार करावा, असा त्यात आग्रह आहे. लेखकाचे नाव, विषय, मजकुराची स्थिती ह्या साऱ्या बदलणाऱ्या गोष्टी; त्या पत्त्यात नकोत. निर्मितीची तारीख मात्र बदलत नाही. दैवाची थट्टा पाहा: ज्या संस्थेत वेब जन्मले तिथेच त्याचे पहिले पान मूळ रूपात उरले नाही. ते वेळोवेळी सुधारले गेले आणि आधीचे रूप कोणी जपले नाही. २०१३ साली सर्नने पहिले संकेतस्थळ पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा हाती आलेली सर्वांत जुनी प्रत १९९२ ची होती.

मोठ्यांच्या घरी हे घडते, तर आपली काय कथा? आमच्या भागातल्या एका संस्थेच्या संकेतस्थळावर माझ्या वर्गातल्या मुलांनी लिहून आणलेल्या १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी होत्या. खडी फोडायला गेलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सांगितलेल्या. ती पाने ‘जुने उपक्रम’ ह्या पानाखाली होती. नव्या रंगरंगोटीत ‘जुने’ हा शब्द कोणाला तरी नकोसा वाटला आणि ते पान गेले. खालचा मजकूर काही महिने आत पडून होता. पण तिथे जाणारी वाट नव्हती, म्हणून तो नाहीच असे सर्वांनी धरले, आणि जुना साठा टाकताना तोही गेला. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत.

ह्यावरचा उपाय मात्र अवघड नाही. आधी वरच्या पानाखाली काय काय आहे त्याची यादी करावी आणि सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवावी. मग प्रत्येक पानाला नवा आश्रय द्यावा. प्रत्येक जुन्या पत्त्यावर, वरच्या पानाच्या तसेच खालच्यांच्याही, ‘तीनशे एक’ ची पाटी लावावी. तिचा अर्थ, बिऱ्हाड कायमचे हलले, नवा पत्ता हा. जे खरोखरच काढायचे असेल तिथे ‘चारशे दहा’ असे प्रामाणिकपणे सांगण्याची सोय १९९७ पासून आहे. सर्वांत शेवटी वरचे पान कचरापेटीत टाकावे. वर्डप्रेसमध्ये ही पेटी २००९ साली आली आणि ती सहसा तीस दिवस थांबते. ते दिवस विचारासाठी दिलेले आहेत, असे समजावे.

आपल्या तलाठ्यांना हे शहाणपण कोणी शिकवावे लागले नाही. खातेदार वारला म्हणून कोणी सात-बाराचे पान फाडून टाकले नाही. आधी वारसांचा फेरफार, मग त्यांची नावे, आणि हस्तलिखित उताऱ्यावर जुन्या नावाला नुसता कंस. कंसातले नाव वाचता येत असे. जमीन कोणाकडून कोणाकडे आली ते नातवाला कळत असे. पुसणाऱ्याच्या हाती सत्ता असते, परंतु खाली कोण राहते आहे हे विचारल्यावाचून ती वापरू नये.