वाऱ्याचे वाद्य आणि आमची पायपेटी

गोंदियाजवळच्या बिरसीचे नाव बाहेरच्या माणसाला ठाऊक असते ते तेथील धावपट्टीमुळे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४० साली, इंग्रज सरकारने ती बांधली. धानाच्या बांध्यांच्या ह्या मुलखात विमान येऊन उतरले. परंतु युरोपातील देवालयांचे जे भूषण, तो नळ्यांचा ऑर्गन, मी ह्या परिसरात कधी पाहिला नाही. आमच्या लहानपणी मिस्सेला साथ असे ती पायपेटीची. वाजवणाऱ्याचे दोन्ही पाय आळीपाळीने खाली-वर होत, भाता श्वास घेई, आणि स्वर उमटण्यापूर्वी लाकडाची एक कुरकुर ऐकू येई. तिलाच आम्ही 'ऑर्गन' म्हणत असू. पुढे मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये खराखुरा ऑर्गन पाहिला, तेव्हा आपण इतकी वर्षे चुकीचे नाव घेत होतो याची थोडी लाज वाटली. ती लाज अनाठायी होती, हे कळायला बराच काळ जावा लागला.

ऑर्गन हे मुळात वाऱ्याचे वाद्य होय. भात्याने हवा कोंडायची, पट्टी दाबली की एकेका नळीचे द्वार उघडायचे, आणि नळीने बासरीप्रमाणे बोलायचे. एका नळीतून एकच स्वर निघतो; म्हणून शेकडो, कधी हजारो नळ्या लागतात. आठव्या शतकात, ७५७ साली, कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने फ्रँकांच्या पेपिन राजाला असा एक ऑर्गन भेट दिला. तेव्हा ते राजदरबाराचे वाद्य होते, उपासनेचे नव्हे. मठांतून आणि महामंदिरांतून ते हळूहळू स्थिरावले.

आपल्या किनाऱ्याशी त्याचा संबंध फार लवकर आला. १५०० साली काब्रालच्या ताफ्याबरोबर जे फ्रान्सिस्कन संन्यासी कालिकतला निघाले, त्यांच्यात माफेओ नावाचे एक धर्मगुरू ऑर्गनवादक होते. वास्को द गामा येऊन गेल्याला अवघी दोन वर्षे झाली होती, आणि मिरीच्या व्यापाराला निघालेल्या जहाजांवर वाजवणारा माणूस होता! त्यानंतर दहा वर्षांनी गोवा पोर्तुगीजांच्या हाती पडला.

गोव्याच्या वाटेने आलेल्या एका ऑर्गनची हकीकत मात्र आपल्याला मिळते ती चर्चच्या दप्तरातून नव्हे, तर मोगल दरबारातील एका कडव्या मुसलमान इतिहासकाराच्या लेखणीतून. १५७५च्या सुमारास अकबराने हाजी हबीबुल्ला ह्या आपल्या सेवकाला तेथील कला-कारागिरी पाहून येण्यासाठी गोव्याला पाठवले. त्याने परत येताना नाना वस्तू आणल्या, वादक आणले, आणि एक ऑर्गनही आणला. फतेहपूर सिक्रीला तो लोकांना दाखवण्यात आला. बदाऊनी लिहितो की, ती माणसाच्या उंचीची मोठी पेटी होती; आत एक फिरंगी बसून तारा वाजवी, आणि बाहेर दोघे जण मोराच्या पाच पंखांवर बोटे ठेवीत, तेव्हा तऱ्हेतऱ्हेचे आवाज निघत. ह्या वर्णनातील तारा बहुधा त्याच्या कल्पनेतल्या असाव्यात; ऑर्गनला तारा नसतात. मोराचे पंख म्हणजे भात्याच्या पंख्यासारख्या घड्या, असा माझा तर्क आहे. बदाऊनीला बादशहाचे हे फिरंगी वेड मुळीच रुचत नव्हते. तरीही सृष्टीतील एक आश्चर्य म्हणून त्याने त्या वाद्याची नोंद केली, ह्याचे मला फार कौतुक वाटते. १५८०च्या फेब्रुवारीत फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे येशूसंघीय सोबती गोव्याहून त्याच दरबारात पोहोचले. वाद्य आणि धर्मगुरू असे एकाच वाटेने, थोड्याफार अंतराने उत्तरेस गेले.

मग हे वाद्य आपल्याकडे रुजले का नाही? १७३९ साली वसई पडली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकरला त्या आजही पाहता येतात. घंटेचे बरे असते. तिला टांगायला एक तुळई पुरते, आणि ती कोणत्याही देवाच्या दारात वाजते. ऑर्गनचे तसे नाही. त्याचे भाते कातड्याचे, पेटारे लाकडाचे, नळ्या मऊ धातूच्या. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, सरस सुटतो, कातड्याला बुरशी येते. उन्हाळ्यात तेच लाकूड तडकते. वाळवी आणि उंदीर यांचे तर सांगायलाच नको. जवळ कायम एक जाणता कारागीर हवा, आणि तो पोसायला श्रीमंत मठ हवा. गोव्यातील जुने शहर रोगराईने ओस पडत गेले, १८४३ साली पणजी राजधानी झाली. त्याआधीच, १८३५ साली, तेथील संन्यस्त संघ बरखास्त झाले होते. जिथे मठच उरले नाहीत, तिथे भाता कोण दुरुस्त करणार?

ह्याच अडचणीवर एका धर्मगुरूने पूर्वेकडे जी तोड काढली, ती आम्हा वेळूच्या जिल्ह्यातल्या लोकांनी अवश्य ऐकावी. फिलिपाइन्समध्ये मनिलाजवळ लास पिन्यास येथे संत योसेफाचे चर्च आहे. तेथील फादर दिएगो सेरा हे स्पॅनिश संन्यासी मोठे खटपटी. धातूच्या नळ्या आणणे महाग, म्हणून त्यांनी १८१६ साली गावचा बांबू तोडला. किडीने खाऊ नये म्हणून तो समुद्राच्या वाळूत पुरून ठेवला, असे सांगतात. आठ वर्षांनी, १८२४ साली, ऑर्गन पूर्ण झाला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. तुतारीसारखा कडक आवाज काढणाऱ्या नळ्या तेवढ्या धातूच्या. भूकंप आणि वादळे यांनी तो मोडकळीस आला. शेवटी १९७३ साली त्याला जर्मनीत बॉनला नेऊन क्लाइस यांच्या कारखान्यात दुरुस्त करण्यात आले आणि १९७५ साली तो गावी परतला. तेथे दरवर्षी त्याचा संगीतमहोत्सव भरतो. नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात वेळू काय थोडा आहे? आमच्या बुरुडांनी त्याच्या टोपल्या, सुपे, ताट्या विणल्या. कुणी त्यातून ऑर्गन काढावा, असा फादर सेरा मात्र ह्या बाजूस जन्मला नाही.

आमच्या वाट्याला वेगळेच भावंड आले. १८४२ साली पॅरिसमध्ये देबाँ ह्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. नळ्यांचे जंगल काढून टाकून त्याने धातूच्या पातळ पट्ट्या बसवल्या. वारा त्यांच्यावरून गेला की त्या थरथरून स्वर देतात. भाता तोच, पट्ट्या त्याच, वारा तोच. वाद्य मात्र बैलगाडीत मावू लागले. ज्या चर्चला ऑर्गन परवडत नसे, त्यांच्यासाठीच ते युरोपात खपले, आणि तेथून ते मिशनऱ्यांच्या सामानात इकडे आले. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला. त्याची उभारणी ज्या फ्रान्सलियन धर्मगुरूंनी केली, त्यांच्या संघाचे मूळ घर सव्हॉयमधील आनसी. म्हणजे हार्मोनियमच्याच मुलखाच्या शेजारचे. इकडे कोलकत्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास तिचे पाय काढून तिला मांडी घालून बसणाऱ्या वादकाच्या हाताशी आणले. पायाने चालणारा ऑर्गन पुढे मराठी नाटक मंडळ्यांनी आपलासा केला. बालगंधर्वांच्या पदांना त्याचीच भरदार साथ होती.

गंमत पुढेच आहे. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी उपासनेतील संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात ऑर्गनला मान होता; पियानो, ढोल, झांजा यांना मनाई होती. तबला-मृदंगाला वेदीजवळ जागा नव्हती, तेव्हा पेटी आत राहिली ती ऑर्गनची नातलग म्हणून. उलट १९४० साली आकाशवाणीने तिलाच परकी ठरवून बंदी घातली, ती १९७१पर्यंत. ती सुरांच्या मधल्या जागा दाखवू शकत नाही हा आक्षेप खराच आहे. गाणाऱ्याने मींड घेतली की पेटी दोन पायऱ्यांवर पाय ठेवून उभी राहते. मधल्या काळात, १९६३ साली, द्वितीय व्हॅटिकन परिषदेने नळ्यांच्या ऑर्गनचा गौरव कायम ठेवून, योग्य अशा इतर वाद्यांनाही उपासनेचे दार उघडले. मिस्सा मराठीत आली, तबला आला, टाळ आले. पेटी आधीपासून तिथेच बसलेली होती. तिने फक्त थोडे सरकून जागा दिली.

आता तिच्या जागी विजेवर चालणारा कीबोर्ड आहे. त्यात कळ दाबताच नळ्यांच्या ऑर्गनचाही आवाज निघतो, आणि तो वाईट नसतो. तरुण मुले आनंदाने वाजवतात, ह्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. वीज गेली की मात्र गायनवृंद एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो.

आमच्या लहानपणीची पायपेटी ज्या चॅपलमध्ये होती, तेथील अडगळीच्या खोलीत मी ती गेल्या वर्षी शोधून काढली. वर जुन्या चटया रचलेल्या होत्या. भात्याला उंदरांनी भोक पाडले आहे, डावा पावडा तुटला आहे. पण झाकण उघडून एका पट्टीखालच्या पात्यावर तोंडाने फुंकर घातली, तर ती बोलली. तेथील धर्मगुरूंनी भंगारवाल्याला आधीच शब्द दिला होता. तो त्यांनी माझ्यासाठी परत घेतला, आणि दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. कातड्याचा भाता शिवणारा माणूस आम्ही शोधत आहोत. पावडा आमच्या शेजारच्या सुताराने सागाचा नवा करून दिला, आणि पैसे घेतले नाहीत.