पुस्तक कानाने वाचताना

वाचकहो, हे पान तुमच्या हाती छापील रूपात आले असले, तरी ते मुळात ऐकण्यासाठी लिहिलेले आहे. तेव्हा जमत असेल तर ते मोठ्याने वाचा. घरात वाचता न येणारे कोणी वडीलधारे माणूस असेल, तर त्याला जवळ बसवून वाचा. आजचा विषयही तोच आहे : कथा-कादंबरी कानाने वाचण्याचा.

हल्ली ‘ऑडिओबुक’ हा शब्द वारंवार कानी पडतो. मराठीत त्याला बोलते पुस्तक किंवा श्राव्य पुस्तक म्हणतात. कोणीतरी चांगल्या आवाजाचा माणूस कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, ते वाचन साठवून ठेवतात, आणि तुम्ही ते मोबाइलवर केव्हाही ऐकता. निंदणीला जाताना ऐका, रात्री जागलीला बसून ऐका. यावर आपल्या गुरुजी मंडळींपैकी काहींचा आक्षेप असा की, ऐकणे म्हणजे काही वाचणे नव्हे. अशाने पोरे आळशी होतील. आक्षेप खोटा म्हणून उडवून देण्यासारखा नाही. पण त्याचा निवाडा करण्याआधी आपल्याच मुलखात गोष्ट कशी नांदली, ते एकदा पाहू.

लोणार आणि मेहकर ही आपली दोन गावे मराठीच्या अगदी आद्य गद्यग्रंथात आहेत. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी या भागात हिंडले, राहिले, त्याच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त आहेत. हा ग्रंथ तयार कसा झाला? म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठले, त्यांनी पाहिलेले-ऐकलेले त्यांच्या तोंडून ऐकले, आणि मग लिहिले. म्हणजे आधी बोलणे, मग ऐकणे आणि सर्वांत शेवटी लेखणी. म्हणूनच त्या गद्यात आजही बोलण्याची चाल सापडते : वाक्य छोटे, संवाद थेट, आणि माणूस समोर उभा.

त्यानंतरची कित्येक शतके हाच क्रम राहिला. पोथी एकाच्या हाती आणि कान पन्नासांचे. एकाने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, मध्येच कोणी शंका काढायची. शेगावला आजही ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाची पारायणे चालतात. दासगणूंनी १९३९ साली रचलेला, एकवीस अध्यायांचा हा ग्रंथ. तो श्रद्धेचा ग्रंथ आहे, त्याला कोणी कादंबरी म्हणणार नाही. पण सलग ऐकत बसण्याचा जो सराव लागतो, तो आपल्या गावांना पारायणांनी लावला, हे कबूल केले पाहिजे.

आणि बायांच्या कहाण्या? रविवारची आदित्यराणूबाईची कहाणी तुम्ही श्रावणात ऐकली असेल. तिच्यात एक प्रसंग आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. राणीला कहाणी सांगायची आहे, पण ऐकणारा नाही. म्हणून ती उपाशी माणसाचा शोध करविते. कधी मोळीविक्या भेटतो, कधी माळी. सहा मोत्यांतली तीन ती ऐकणाऱ्याच्या हाती देते आणि तीन स्वतः घेते. मगच कहाणी सुरू होते. पाहा, सांगणाऱ्याची मोती तीन आणि ऐकणाऱ्याचीही तीनच! ऐकणारा म्हणजे रिकामा बसलेला माणूस, अशी त्या कहाणी रचणाऱ्या बायांची समजूत नव्हती. ऐकण्यालाही मन लावावे लागते, आणि ते लावले तर त्याचे फळ सारखेच, असा त्यांचा हिशेब.

छापील कादंबरी मराठीत आली १८५७ साली. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ हे तिचे नाव, आणि विधवांचे दुःख हा तिचा विषय. पण ती वाचणार किती? सुमारे शंभर वर्षांनी, १९५१ च्या जनगणनेतसुद्धा देशात शंभरांतली जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. उरलेल्या ब्याऐंशींपर्यंत पुस्तक पोचले असेल, तर ते दुसऱ्याच्या आवाजातूनच.

आता आपल्या मेहकरचीच गोष्ट घ्या. ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ चा. मेहकरात वकिली करणारा हा माणूस कविता लिही. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी या गायकाने गायिली, आणि १९३० नंतरच्या त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच तिची ग्रामोफोनची तबकडी निघाली. तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. तेवढ्या वेळात ही कविता महाराष्ट्रभर गेली. हॉटेलात वाजली, लग्नाच्या मांडवात वाजली. आणि कवितेचे पुस्तक? ‘शीळ’ हा संग्रह निघाला १९५४ साली. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ लोकांनी हा कवी कानानेच वाचला. पुढे १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो वाचकांचा कवी झालेला होता. पण त्याची पहिली ओळख आवाजाने करून दिली. ऐकल्याने वाचन मरते असे म्हणणाऱ्याने या मेहकरच्या उदाहरणाचे उत्तर द्यावे.

रेडिओची कथा थोडक्यात सांगतो. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, जळगावचे १९७६ साली. मधल्या काळात, १९५६ मध्ये, पुणे केंद्राने एक मोठा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोतामंडळे काढली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावकऱ्यांनी तो एकत्र बसून ऐकायचा, त्यावर बोलायचे, आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवायच्या. आपला जिल्हा त्या यादीत नव्हता. असणार कसा? १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बुलढाणा मध्यप्रदेशात होता. ते कार्यक्रम शेतीचे आणि गावसुधारणेचे होते, कथेचे नव्हते. तरी त्यातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे : ऐकणे संपल्यावर उठून जायचे नाही, बोलायचे.

त्याच सुमारास, १९५५ साली, व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत दाखल झाले आणि त्यांची ‘बनगरवाडी’ही त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. मेंढपाळांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराची ती कथा. शिक्षकबंधूंनी ती एकदा तरी मोठ्याने वाचून पाहावी. पुढे १९६० नंतर माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगावी कथाकथन केले. तिकीट काढून लोक गोष्ट ऐकायला येत! पाटलांची ‘धिंड’, मिरासदारांची ‘माझ्या बापाची पेंड’ आणि ‘व्यंकूची शिकवणी’ या कथा कित्येकांनी आधी ऐकल्या आणि मग ग्रंथालयात जाऊन शोधल्या. पु. ल. देशपांड्यांनी ‘बटाट्याची चाळ’ १९६१ पासून रंगमंचावर एकट्याने उभी केली. व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या कॅसेटी घरोघरी वाजल्या. आज ज्याला आपण बोलते पुस्तक म्हणतो, त्याचे खरे मराठी पूर्वज हे.

परदेशात याचा उगम वेगळ्या गरजेतून झाला. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न इंग्लंडपुढे होता. १९३५ साली तिथे अंधांसाठी बोलत्या पुस्तकांच्या तबकड्या निघाल्या. त्या संथ फिरत आणि एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचे वाचन मावे. पहिल्या निवडीत काय होते, ठाऊक आहे? अगाथा ख्रिस्तीची खुनाच्या तपासाची कादंबरी आणि कॉनरॅडची वादळाची कथा. अंध माणसाला नुसता उपदेश द्यावा असे त्यांना वाटले नाही, गोष्टही दिली. मला हे फार शहाणपणाचे वाटते. आपल्याकडे अंधांना पुस्तके सुलभ करून देणाऱ्या माराकेश कराराला भारताने २०१४ साली, सर्व देशांत पहिल्यांदा, मंजुरी दिली. आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे इंटरनेटवरचे ग्रंथालय सुरू झाले. तुमच्या शाळेत दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याचे नाव तिथे नोंदवण्याची खटपट मुख्याध्यापकांनी जरूर करावी.

२०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडनमधली कंपनी भारतात आली, आणि मराठी कथा-कादंबऱ्यांचे ध्वनिमुद्रण मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. केवळ कानासाठीच लिहिलेल्या मालिकाही निघाल्या. मूळ स्वीडिश असलेली ‘व्हायरस’ ही साथीच्या रोगाची मालिका पुण्याच्या रस्त्यांवर आणून मराठीत बसवली गेली. तेव्हा नवे काय ऐकावे, हा प्रश्न आता खरोखरच पडतो.

याबाबत माझे मत सांगतो, पटले तर घ्या. छापून गाजलेली प्रत्येक कादंबरी ऐकायला चांगली असतेच असे नाही. ज्या लेखनात माणसे बोलतात, ते कानाला धरून ठेवते. जिथे चार-चार पाने नुसते चिंतन चालते, तिथे ऐकणाऱ्याचे चित्त बांधावरून पलीकडे जाते, आणि मागचे पान उलटण्याची सोय कानाला नाही. वाचणारा फार नाटकी असेल, प्रत्येक वाक्याला पार्श्वसंगीत असेल, तर ते पुस्तक सोडून द्यावे. पहिली दहा मिनिटे ऐकून ठरवावे. आणि भाषा! वऱ्हाडी किंवा खानदेशी बोलणारे पात्र वाचणाऱ्याने गावंढळ म्हणून हसण्यावारी नेले, की आपल्या कानाला ते लगेच खटकते. तो आपला हक्काचा कान आहे, त्यावर विश्वास ठेवावा.

नवी गोष्ट ऐकायची तर तिच्या जोडीला एक जुनी ठेवा. ‘म्हैस’ ऐका, कोकणातल्या रस्त्यावर एसटीखाली म्हैस येते आणि पंचनाम्यासाठी सगळी गाडी खोळंबते. आपल्या घाटातल्या रस्त्यावर जो एकदा तरी एसटीत अडकला आहे, त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता त्या आक्षेपाकडे परत येऊ. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची साक्षरता ८३ टक्क्यांच्या आसपास होती. उरलेल्या सतरांत पुष्कळ म्हातारी माणसे, आणि त्यांतही बाया. त्यांना आळशी कोण म्हणेल? पोरांची गोष्ट वेगळी. त्यांना अक्षर यायलाच हवे, आणि तिथे गुरुजींचा आग्रह योग्य आहे. म्हणून वर्गात कथेचा अर्धा भाग ऐकवावा आणि नेमक्या अडलेल्या जागी बंद करावा. पुढचे पुस्तकात आहे, एवढेच सांगावे. पुस्तक मात्र त्या दिवशी शाळेच्या कपाटात कुलपाबाहेर असले पाहिजे.

खरी नवी आणि मला न रुचणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे कानात खुपसायची ती दोन बोंडे. त्यामुळे एकाच ओसरीवर चौघे बसतात आणि चौघे चार गावांत असतात. शेतात एकटे असाल तेव्हा ती खुशाल लावा. पण सांजच्याला जेवणे झाल्यावर मोबाइल मोठ्या आवाजात मध्यभागी ठेवा, आजीला, वहिनीला, शेजारच्या काकांना बोलवा, आणि वेग वाढवण्याचे जे बटण असते त्याला हात लावू नका. माडगूळकरांच्या कथेत मास्तर वस्तीकडे चालत जातो. त्याला दीडपट वेगाने पळवण्याचे काही कारण नाही. मध्येच आजी म्हणेल, थांबव रे बाप्पा, हे कोण म्हणे? तर थांबवा, आणि सांगा.