ग्रहलाघवाचा कर्ता आणि त्याचे कैवारी

शके 1442 मध्ये, म्हणजे इ.स. 1520 च्या सुमारास, कोकणकिनाऱ्यावरच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघव’ लिहिले. ज्या-चापांची किचकट आकडेमोड टाळणारी त्याची रीत इतकी सोयीची होती, की पुढची तीन-साडेतीन शतके महाराष्ट्रातले जोशी त्यावरूनच पंचांग वर्तवत आले. इतक्या दीर्घ वहिवाटीने ग्रंथाला आर्षवचनाचा मान चढला. केरो लक्ष्मण छत्र्यांनी 1860 मध्ये नव्या वेधांवर आधारलेली कोष्टके छापली आणि पुढे त्यांवरून पटवर्धनी पंचांग निघू लागले, तेव्हा ग्रहलाघवात चूक काढणे म्हणजे धर्माला हात लावणे, असे पुष्कळांना मनापासून वाटले. माझ्या मते ग्रंथ कधी चुकतच नाही ही श्रद्धा ग्रंथकाराच्याच भूमिकेशी विसंगत होती.

ग्रहलाघवाचा पहिला अधिकारच पाहावा. चंद्र सूर्यसिद्धान्ताचा घ्यायचा, पण त्यातून नऊ कला वजा करायच्या. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे, तर शनी आर्यपक्षाचा असला तरी त्यात पाच अंश मिळवायचे. शुक्राचे केंद्र आर्य आणि ब्राह्म या दोन पक्षांच्या मधले. या सगळ्या काटछाटीचे कारण तो एकच देतो: असे केले की ग्रह आकाशात दिसतात तिथे गणितानेही येतात. पाच अंश म्हणजे चंद्रबिंबाच्या दहापट अंतर. तेवढी दुरुस्ती त्याने एका पूज्य सिद्धान्तात बेधडक केली. त्याचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत. गणेशाने तर अन्यत्र ऋषींपासून आपल्या पित्यापर्यंतची परंपरा सांगून प्रत्येकाचे गणित कालांतराने शिथिल झाल्याचे नोंदवले आहे, आणि आपलेही झाले तर पुढच्यांनी ते सुधारावे असे म्हटले आहे.

यावर जुन्या पक्षाचा खरा वजनदार आक्षेप असा, की तिथी ही व्रतासाठी आहे, दुर्बिणीसाठी नव्हे. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा नियम, म्हणजे तिथी फार तर 65 घटींपर्यंत वाढते आणि 54 पर्यंत घटते. नव्या गणिताने मात्र ती जवळजवळ 67 आणि 50 घटींपर्यंत जाते. मग श्राद्धाचा, एकादशीचा निर्णय कशावर करायचा? पण हे प्रमाण चंद्राला एकच मंदफल देणाऱ्या जुन्या गणितातूनच निघते. गणिताच्या फलालाच गणिताचा न्यायाधीश कसे करणार? शिवाय ग्रहण सर्वांना डोळ्यांनी दिसते, म्हणून अनेक जुन्या पंचांगांनी ग्रहणे तेवढी नव्या साधनांवरून घेतली. जिथे चूक लोकांना उघड दिसली असती तिथे सुधारणा पत्करली, आणि जिथे दिसत नव्हती तिथे शास्त्र निर्दोष ठरवले, हे मला या वादातले सर्वांत खेदाचे वाटते.

साधने परकी आहेत, हाही आक्षेप होता. परंतु ज्योतिषशास्त्र जाणणारे यवनही ऋषींसारखे पूज्य, हे मत वराहमिहिराचे आहे; ते कोणा सुधारकाने नव्याने काढलेले नाही. उरते ती समाजाच्या एकीची काळजी. ती खोटी नाही: टिळक पंचांग आणि इतर पंचांगे यांचे अधिकमास आजही कधीकधी वेगळे पडतात, आणि एकाच गल्लीत सण दोनदा होतो. मात्र स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या एकाच पंचांगात शेजारी छापलेल्या असतात, आणि आपापल्या दिवशी उपास करणाऱ्यांचे त्यावरून कधी बिनसलेले नाही.